यांबाचा सदरा

आपोलीन टोए सुंबाला करायची. नेरेच्या झाडाच्या शेंगांतल्या काळ्या बिया दिवसभर उकळायच्या, राख टाकून उखळात सोलायच्या, पुन्हा शिजवायच्या आणि टोपलीत पोत्याखाली झाकून तीन दिवस आंबवायच्या. चौथ्या दिवशी पोतं उचललं की असा वास सुटायचा की रस्त्यावरचा सायकलवाला मान फिरवून पुढे जायचा. संध्याकाळी बायकोने त्याच सुंबाल्याचा गोळा रश्श्यात कुस्करून घातला की तोच सायकलवाला बोटं चाटत बसायचा. पस्तीस वर्षं आपोलीनच्या हातांना, केसांना, कमरेच्या कापडाला तो वास होता, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. घाण वासाची मला शिसारी येत नाही, घाण माणसांची येते, असं ती कुणालाही तोंडावर सांगायची. तांगपोरेत अशा माणसांची कधी टंचाई पडली नाही.

तांगपोरे मोसी लोकांचं गाव. आपोलीन सामो जमातीची. गुरांना लस टोचणाऱ्या सरकारी नवऱ्याच्या मागे मागे ती इथे आली, नवरा तापाने गेला, आणि घरामागे नेरेची चार झाडं उभी होती म्हणून ती राहिली. गावात सामो अशी ती एकटीच. मोसी आणि सामो यांचं थट्टेचं नातं कुणाच्या पणजोबालाही आठवत नाही इतकं जुनं. सामोने मोसीला गुलाम म्हणायचं, मोसीने सामोला गुलाम म्हणायचं, एकमेकांची आई-बाप-खानदान काढायचं, आणि चिडायचं नाही. जो चिडला त्याची अब्रू गेली. मोसीच्या घरी मयत झालं की थट्टेचा मान सामोचा. मेलेल्याचे कपडे अंगात घालून त्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं, आणि शेवटी खड्ड्यापाशी वाट अडवून काहीतरी मागायचं. मागितलेलं हातात पडेपर्यंत मढं खाली उतरत नाही. कोंबडं, दोलो दारूचं मडकं, चार नाणी, असंच काहीबाही मागायची रीत होती.

तर पस्तीस वर्षांत तांगपोरेत जेवढे मेले तेवढे सगळे आपोलीनने अंगात घालून पाहिले होते. पाहुणे आले की पोट धरून आजारी पडणारा कंजूष तिने केला, प्रार्थनेच्या वेळी झोपणारा पाद्र्याचा मदतनीस केला. बायकोला दोरीने मारणाऱ्या एकाची नक्कल तिने दोरी हातात घेऊन केली, तेव्हा त्याची विधवा आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत मोठ्याने हसली. लोक म्हणायचे, आपोलीन फार गमतीची बाई आहे. आपोलीन घरी येऊन पाय धुवायची आणि म्हणायची, काय एकेक जनावरं मी अंगावर वागवली.

सगळ्या मोसींत तिचा खास गुलाम म्हणजे यांबा नाबालूम. कुंपणाला कुंपण. सकाळी ती बिया उकळायला घ्यायची तेव्हा पलीकडून आवाज यायचाच, "कुत्र्याचं डोकं शिजवतेयस का गं?"

"तुझं शिजवतेय, गुलामा. ये, मीठ घालायचं राहिलंय."

एवढं झाल्याशिवाय दोघांचा दिवस उजाडत नसे. यांबा तरुणपणी खालच्या देशात कोकोच्या मळ्यात राबून आला होता आणि आपण समुद्र पाहिलाय हे तो मरेपर्यंत सांगत राहिला. आपोलीन म्हणायची, तू गावप्रमुखाच्या, नाबाच्या बैलांचं डबकं पाहिलंस, मोसीला तेवढंच मोठं वाटतं. यांबाची बायको लवकर गेली. दोन मुलगे त्याने बाजरीच्या एका तुकड्यावर वाढवले. थोरला प्रोस्पेर राजधानीत मोटरसायकलींच्या भागांचा व्यापारी झाला, धाकटा सिल्वें बापासारखाच समुद्राकडे गेला आणि तिकडचाच झाला. गावातली निम्मी घरं अशीच. बाजरी माणसाच्या डोक्यावर जाते आणि ती कापायला म्हाताऱ्या बायका आणि शाळा सुटलेली पोरं.

शिरगणतीचा माणूस निळं जाकीट घालून आला त्या वर्षीची गोष्ट. त्याने यांबाला विचारलं, या घरात किती जण राहतात? यांबा म्हणाला, तीन. दोघे जरा बाहेर गेलेत. माणसाने विचारलं, बाहेर म्हणजे किती दिवस? यांबाने बोटं मोजली आणि एकाचे सहा, दुसऱ्याचे अकरा असं सांगितलं. महिने का? नाही, वर्षं. कुंपणावरून आपोलीन म्हणाली, "लिहा की हो, एक गुलाम आणि दोन भुतं." यांबा खूप हसला. माणसाने मात्र एकच लिहिलं. त्या रात्री यांबा जेवला नाही हे तिला दुसऱ्या दिवशी त्याच्या कोरड्या भांड्यावरून कळलं.

पुढच्या पावसाळ्यात त्याच्या पायाला कुदळ लागली. साधीच जखम, पण चिखलात राबणारा पाय, तो चिघळला. बारा किलोमीटरवरच्या दवाखान्यातल्या नर्सने पट्टी बांधली आणि मोठ्या इस्पितळात न्या म्हणून सांगितलं. तेव्हा गावाच्या टेकडीवर फोनचा मनोरा नवाच लागला होता. शाळेच्या मास्तरांच्या फोनवरून यांबाने प्रोस्पेरला फोन लावला. प्रोस्पेर म्हणाला, बघतो. आठ दिवसांनी पुन्हा लावला तेव्हा म्हणाला, गाडी पाठवतो. त्यानंतर फोन वाजून वाजून बंद व्हायचा, आणि मग वाजेनासाच झाला. यांबा तरी रोज काठी टेकत मास्तरांकडे जायचा. चालवेना तेव्हा कुणाच्या तरी गाढवाच्या गाडीत बसून गेला. तेही होईना तेव्हा नंबर लिहिलेला कागदाचा चिटोरा सदऱ्याच्या खिशात घेऊन घरात पडून राहिला.

भुकेचा महिना होता. जुनी बाजरी संपलेली, नवी उभी पण हिरवी. आपोलीनच्या डब्यातही कोंडाच उरला होता. त्याचा साग्बो, म्हणजे घट्ट शिजवलेला गोळा, थापून, वर पाल्याचा रस्सा घालून ती दोन वेळा त्याच्याकडे न्यायची. पाय मिठाच्या कोमट पाण्याने धुवायची, शियाच्या बियांचं लोणी लावायची. यांबाच्या सदऱ्याची बाही फाडून तिची पट्टी केली होती, ती रोज धुवून रोज बांधायची. तोंडाने मात्र कौतुक कधी नाही. म्हणायची, तुझ्या पायापुढे माझा सुंबाला म्हणजे अत्तर. तो म्हणायचा, मग लाव की अंगाला.

आणि मग एका सकाळी तिने पट्टी सोडली आणि आत काहीतरी हललं. पांढरं, बारीक, पुष्कळ. आपोलीनला जी ओकारी आली ती अंगणापर्यंत थांबली नाही. तिने तोंडावर कापड धरून कशीबशी पट्टी पुन्हा बांधली, भांडं ठेवलं आणि घरी आली. उद्या जाईन म्हणाली. दुसऱ्या दिवशी बिया चुलीवर होत्या. तिसऱ्या दिवशी त्या सोलायच्या होत्या. कुंपणापलीकडून आवाज येत होता, ए गुलामे, आहेस का? तिने पहिल्या दिवशी ओरडून सांगितलं, कामात आहे. मग उत्तरच दिलं नाही, आणि मग आवाज यायचा थांबला. चौथ्या दिवशी ती गेली तेव्हा दारात माश्या होत्या, आणि भांडं तिने ठेवलं होतं तिथेच होतं.

बाप मेल्याचा निरोप प्रोस्पेरच्या फोनवर एका तासात पोहोचला. जिवंत असताना ज्या फोनला ऐकू येत नव्हतं त्याला मयताचं लगेच ऐकू आलं. गारव्याची गाडी आली. ज्या इस्पितळाच्या वाटेला यांबा कधी लागला नाही, तिथल्या शीतघरात त्याला सहा दिवस ठेवलं, कारण सिल्वेंला समुद्रावरून यायला वेळ हवा होता आणि कापडावर फोटो छापून घ्यायचे होते. सातव्या दिवशी सहा गाड्या तांगपोरेत शिरल्या. दोन चिखलात रुतल्या आणि त्या ढकलायला पोरं बाजरीतून धावली. तीन बैल पडले. भाड्याच्या खुर्च्या आल्या, कर्णे आले, व्हिडिओवाला आला. शहरातल्या सुना सगळ्या एकाच कापडात, पाठीवर सासरा छापलेला. फोटो तीस वर्षांपूर्वीचा होता. अलीकडचा एकही कुणाकडे नव्हता.

आपोलीन कुंपणाशी उभी राहून बघत होती. सुनांनी यांबाची खोली साफ करायला घेतली. काठीने चटई उचलली, भांडं उचललं, तो बाही फाटलेला सदरा, ती पट्टी, सगळं नाक दाबून कुंपणाबाहेरच्या उकिरड्यावर फेकलं, आणि खोलीभर सुगंधी पाणी शिंपडलं. आधीच्या वासात ते मिसळून असं काही झालं की आपोलीनच्या नाकपुड्या मिटल्या. सुंबाला शंभर पटीने बरा.

मग प्रोस्पेर तिच्याकडे आला. अंगाने सुटलेला, पांढरा झगा, हातात घडी केलेला रुमाल. मावशी म्हणून त्याने हात जोडले, तुम्ही बाबांच्या जुन्या शेजारी म्हणाला. तिने त्याला न्हाणवलं होतं, त्याचं नाक पुसलं होतं, ते काही तो बोलला नाही. पिशवीतून निळ्या रंगाचा, सोनेरी भरतकामाचा झगा काढला.

"नक्कल करताना हा घाला. बाबांचाच समजा. कॅमेऱ्यात चांगला दिसेल."

"त्याने हा कधी घातला?"

"मी त्यांच्यासाठी घेऊनच ठेवला होता, मावशी. यायचं राहून गेलं."

"मी काय करू म्हणतोस?"

"नेहमीचंच. लोकांना हसवा. बाबा गमत्या होते, ते समुद्राचं वगैरे घ्या. फार लांबवू नका, नाबांचं भाषण आहे."

प्रोस्पेर गेला. आपोलीन झगा मांडीवर घेऊन बसून राहिली. शहरात राहून त्याला वाटायला लागलं होतं की थट्टेचा मान म्हणजे भाड्याच्या कर्ण्यासारखी वस्तू, बटण दाबलं की वाजते. आणि ती वाजली की झालं. यांबा सुखात मेला, पोरांनी काही कमी पडू दिलं नाही, बघा सामोसुद्धा हसतेय, असा शिक्का बसणार. तो शिक्का तिच्या हातात होता. तिने न जाण्याचाही विचार केला. पण सामो आली नाही तर नाबा दुसऱ्या गावचा एखादा सामो बोलावून आणणार, आणि यांबाची नक्कल ज्याने यांबाला पाहिलं नाही असा कुणीतरी करणार. त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला जाऊ नये असं का वाटतंय हे तिला ठाऊक होतं. तिला स्वतःची किळस येत होती, आणि ती पोरांच्या किळसेखाली लपवायला फार सोपी होती.

ती उठली, मागच्या बाजूने उकिरड्यावर गेली.

इकडे मांडवात प्रोस्पेर कर्ण्यातून बोलत होता. आमच्या वडिलांनी आम्हाला घडवलं. आम्हीही त्यांना शेवटपर्यंत कशाची उणीव भासू दिली नाही. त्यांच्या तोंडात शेवटचा शब्द आमचा होता. सुनांनी गळा काढला. गावातली माणसं मांसाच्या ताटांकडे बघत माना हलवत होती. त्यांनी यांबाला गाढवाच्या गाडीत पाहिलं होतं, सगळ्यांनी, आणि एकाचीही मान नाही म्हणून हलली नाही. खाणाऱ्याचं तोंड बंदच असतं, आपोलीन कुंपणाआडून हे ऐकत मनाशी म्हणाली.

मग कुणीतरी ओरडलं, सामो आली रे, आणि लोक हसायच्या तयारीने वळले.

आपोलीनने यांबाचा खरा सदरा घातला होता. एक बाही नसलेला, पोटावर रश्श्याचे डाग, कडेला पिवळं-काळं वाळलेलं. पट्टी तिने डाव्या पोटरीला बांधली होती. पाय ओढत, काठी टेकत ती खुर्च्यांच्या मधून निघाली. पहिल्या रांगेतले हसले. दुसऱ्या रांगेपर्यंत वास पोहोचला तसं हसू थांबलं. छापील कापडातल्या सुना खुर्च्यांसकट मागे सरकल्या. ती थांबली नाही. मास्तर बसले होते त्यांच्यासमोर गेली, खिशातून चिटोरा काढला आणि यांबाच्या आवाजात, थोड्या लाजऱ्या आवाजात म्हणाली, "मास्तर, तेवढा एकदा लावून बघता का? पोरगा कामात असेल. मी थांबतो."

मास्तरांनी खाली बघितलं. ती उगाच कानाशी हात धरून उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. कर्ण्याच्या खरखरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. "नाही लागत? बरं. उद्या येतो." ती दोन पावलं गेली, परत आली. "उद्या येतो, मास्तर." पुन्हा दोन पावलं, पुन्हा परत. असं तिने पाच वेळा केलं, आणि दर वेळी पाय थोडा जास्त ओढला. तिसऱ्या वेळी एका म्हातारीला रडू फुटलं, सामोच्या नकलेला रडू नये तरी फुटलं. सिल्वेंने व्हिडिओवाल्याला हात केला, बंद कर म्हणून. व्हिडिओवाला शहरातला नव्हता, शेजारच्याच मोसी गावातला होता. त्याने बंद केला नाही.

प्रोस्पेर रागाने लाल झाला होता. पण रागवायचं नाही हे त्याला आठवत होतं, तेवढं मोसीपण त्याच्यात उरलं होतं. तो दात दाखवत राहिला. खाली दात, वर नाकाशी घट्ट धरलेला रुमाल.

आपोलीन खड्ड्यापर्यंत गेली आणि काठावर, ताज्या ओल्या मातीत, पाय आत सोडून बसली. पेटी घेऊन येणारे थबकले. वाट अडवली गेली होती. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण आता जे व्हायचं ते सगळ्यांना माहीत होतं. प्रोस्पेर पुढे झाला, झग्यात हात घालून नोटांची गड्डीच बाहेर काढली.

"बोला मावशी, किती?"

"ते ठेव खिशात."

"मग बैलाची मांडी? अख्खा बैल?"

"नाकावरचा रुमाल काढ," आपोलीन म्हणाली.

त्याला आधी समजलंच नाही. ती पुन्हा म्हणाली. "रुमाल काढ, आणि इथे येऊन बस, माझ्याशेजारी. खड्डा बुजेपर्यंत. एवढंच मागतेय."

प्रोस्पेरने नाबाकडे पाहिलं. नाबाने मघाशीच मांस खाल्लं होतं आणि त्याला भाषणही करायचं होतं. त्याने डोक्यावरची टोपी नीट केली, मातीकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "सामोने मागितलंय."

मग दुसरा मार्गच नव्हता. प्रोस्पेर पांढऱ्या झग्यासकट चिखलात बसला. रुमाल काढून त्याने मांडीवर ठेवला. दोन श्वास कसेबसे घेतले, तिसऱ्याला तो बाजूला वाकला आणि बैलाचं मांस, दोलो, सगळं बाहेर पडलं. सुनांपैकी एकजण पाणी घेऊन धावली तिला आपोलीनने हाताने थांबवलं. प्रोस्पेरचा हात पुन्हा रुमालाकडे गेला तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. सुंबाल्याच्या वासाचा तिचा हात, लहानपणी त्याने शंभरदा धरलेला. त्याने सोडवून घेतला नाही.

"हा वास त्यांचा आहे?" त्याने विचारलं.

"दोन महिने होता."

पेटी दोरांवर खाली जायला लागली. प्रोस्पेरचे ओठ हलत होते. तो इतक्या हळू बोलला की शेजारी बसलेल्या तिलाच ऐकू आलं.

"शेवटी कुणी होतं का जवळ? तुम्ही होतात ना?"

आपोलीनला हो म्हणता आलं असतं. सगळ्या गावाला तेच वाटत होतं, आणि तिच्याकडे बोट दाखवायला कुणी जिवंत नव्हतं.

"कुंपणापलीकडे होते," ती म्हणाली. "हाका मारत होता. मी गेले नाही. तीन दिवस. माझ्याही नाकावर कापड होतं, पोरा."

प्रोस्पेरने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. खाली पेटीवर मातीचं पहिलं ढेकूळ पडलं आणि आता शेवटची शिवी घालायची पाळी तिची होती. सामोने शिवी घातल्याशिवाय मोसी मोकळा होत नाही, आणि रडलेल्या सामोची शिवी लागू पडत नाही. लोक वाट बघत होते. मग यांबाच्याच सदऱ्याच्या उरलेल्या बाहीने नाक पुसून ती खड्ड्यात वाकली.

"आहे रे, गुलामा," ती म्हणाली. "इथेच आहे."

ती शिवी होती की नाही यावर तांगपोरेत पुढे कित्येक दिवस वाद चालला. नाबाने मात्र मान हलवली आणि फावडी सुरू झाली. खड्डा बुजेपर्यंत दोघं तिथेच बसून होती.